तिशियनच्या व्हीनसची कांती उबदार कशी होते? आणि पुराणकथा म्हणजे नुसतं निमित्तच का?

कोरा_कॅनव्हास

सोळाव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार तिशियन याच्या 'उर्बिनोची व्हीनस'चा (१५३८, उफ्फीझी, फ्लॉरेन्स) खांद्यापासून मांडीपर्यंतचा भाग अभ्यास म्हणून तैलरंगात उतरवतो आहे. रेखाटन ठीक आहे, घोडं रंगात अडलंय. उजेडाचा भाग खडू फासल्यासारखा दिसतो, सावल्या काजळलेल्या, आणि दोन्हींच्या मधला पट्टा म्हणजे निव्वळ चिखल.

साहित्य: ॲक्रिलिक जेसो (रंगाआधीचा पांढरा लेप) दिलेला पांढरा कॅनव्हास, टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, बर्न्ट अंबर. सावल्यांवर बर्न्ट अंबरचे चार ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, झाले आहेत. तिशियन तीस-चाळीस ग्लेझ द्यायचा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, म्हणून अजून वाढवावेत का?

दुसरा प्रश्न थोडा वेगळा. ही चित्रं बघताना स्पर्शाची जाणीव होते. ती रंगातून येते की विषयातून? व्हीनस, डनाई, आयो, लीडा ही पुराणकथांतली नावं म्हणजे नग्न देह रंगवायचा परवाना, एवढंच का त्यांचं काम?

पिवडी_हिंगूळ

ग्लेझ आधी थांबवा. तीस-चाळीस थरांची गोष्ट तिशियनच्या नावावर खपते खरी, पण रंगांचे सूक्ष्म छेद तपासल्यावर त्याच्या चित्रांत त्वचेचे थर थोडेच निघतात. ग्लेझ तो भरपूर द्यायचा ते वस्त्रांवर: लाल कापडावर कोशिनील, किरमीज किंवा लाखेपासून केलेले पारदर्शक लाल, हिरव्या पडद्यावर तांब्याचा हिरवा. त्वचा मात्र बरीचशी सफेद्यात, म्हणजे शिशाच्या पांढऱ्यात, सरळ रंगवलेली असते. थोडा हिंगूळ (पाऱ्यापासूनचा तांबडा), थोडा पारदर्शक लाल, थोडी माती, बस्स.

तुमचा खडू येतो टायटॅनियममधून. हा पांढरा फार जोरकस, अपारदर्शक आणि थंड. त्यात रंग टाकला की रंग मरतो, नुसता फिकटपणा उरतो. सफेदा तेलात किंचित पारदर्शक राहतो आणि छटेला गिळत नाही. पण तो विषारी आहे. पूड स्वतः घोटायच्या भानगडीत पडू नका. ट्यूबमधला वापरलात तरी हातमोजे घाला आणि वाळलेला थर कोरडा घासू नका. तो नकोच असेल तर टायटॅनियमच्या २ भागांत जवसाच्या तेलात घोटलेली खडूची पूड १ भाग मिसळा. खडू तेलात जवळजवळ पारदर्शक होतो, त्यामुळे पांढऱ्याचा जोर उतरतो. झिंक मिसळलेले पांढरे टाळा, काही वर्षांत थर ठिसूळ होऊन सुटतो. ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा, 'टायटॅनियम' म्हणून विकलेल्यांतही पुष्कळदा झिंक असतं.

पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरुवात ही दुसरी अडचण. रॉ अंबर, चिमूटभर गेरू आणि थोडा पांढरा पातळ करून सगळ्या कॅनव्हासवर पुसून घ्या. मधल्या उजेडाची, उबदार करडी जमीन, म्हणजे चित्राखालचा पहिला थर, हवी. ती पूर्ण वाळू द्या. बोट चिकटत असताना वर काही लावलंत तर खालचा रंग उचलला जाईल आणि पुन्हा चिखलच होईल.

मग उजेडाची छटा: पांढरा १० भाग, यलो ऑकर १, कॅडमियम रेड लाइट जेमतेम पाव. कॅडमियम हिंगुळापेक्षा जोरकस, हात आखडता ठेवा. सावलीसाठी गेरू २, रॉ अंबर १, पांढरा १. सावलीत पांढरा घालायचाच. तिशियनच्या देहावरच्या सावल्या या काळात अर्ध-अपारदर्शक असतात, तपकिरी काचेसारख्या नसतात. बर्न्ट अंबरचा ग्लेझ तेल शोषून बसतो आणि मंद, धुरकट दिसतो. तेच तुमचं काजळ.

आता मधला पट्टा. इथे रंग मिसळायचाच नाही. सावलीची छटा मधल्या पट्ट्यापर्यंत ओढा, वाळू द्या. मग उजेडाची छटा ब्रशवर अगदी थोडी, जवळजवळ कोरडी घेऊन तिच्या काठावरून घासत न्या. गडदावर फिकटाचा पातळ, धुरकट थर बसला की तो निळसर-मोतिया दिसतो, कारण त्या थरात निळा उजेड जास्त विखुरतो आणि उबदार उजेड आरपार जाऊन खालच्या गडदात मुरतो. निळा किंवा काळा रंग न घालता थंड छटा मिळते. व्हीनसच्या बरगडीखाली आणि पोटाच्या कडेला हीच मोतिया पट्टी आहे. चिखल होतो तो ओल्यात ओलं कालवल्यामुळे.

शेवटी लाली: बोटांची पेरं, कोपर, गुडघा, कान, गाल. ग्लेझ द्यायचाच तर तिथे, पारदर्शक लालाचा, आणि लगेच बोटाने टिपून काढायचा. तिशियन चित्र संपवताना ब्रशपेक्षा बोटं जास्त वापरायचा, असं चित्रकार धाकट्या पाल्मानं सांगितल्याचं सतराव्या शतकातला लेखक बोस्कीनीनं नोंदवलंय. तुम्ही मोजा घालून टिपा.

आणि एक. खालच्या थरात तेल कमी, वर जास्त, हा नियम मोडून वर पातळ टर्पेंटाइनचा थर दिलात तर भेगा ठरलेल्या.

ओव्हिडचा_वाचक

पिवडी यांच्या कृतीला माझी हरकत नाही, पण नुसती त्वचा दुरुस्त करून ऊब येणार नाही. तिशियन स्पर्श दाखवतो तो त्वचेला टेकलेल्या वस्तूंतून. 'उर्बिनोची व्हीनस' जवळून बघा. चादर थंड पांढरी, चुरगळलेली, आणि कोपऱ्यात ती सरकून खालची लाल फुलांची गादी उघडी पडली आहे. उजव्या हातात गुलाब, त्यातलं एक निसटून पडलंय. कानात मोती, मनगटात कडं, करंगळीत अंगठी. पायाशी कुत्रं अंगाचं वेटोळं करून झोपलंय. गार कापड, पाकळी, धातू, केसाळ अंग, आणि खांद्यावर सुटलेली केसांची बट. प्रत्येक पोत त्वचेला लागून आहे, प्रत्येक वेगळ्या प्रकारे लागतो. तुमच्या तुकड्यात चादर आणि गुलाब नसतील तर त्वचा एकटी पडेल. हात आणि गुलाब घ्याच.

छटांचं गणितही इथेच आहे. चित्रातला सर्वांत पांढरा रंग चादरीच्या सुरकुत्यांवर आहे, देहावर नाही. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत दहा पायऱ्या धरल्या तर चादरीचा झळाळ पहिल्या-दुसऱ्या पायरीवर, देहाचा उजेड तिसरीच्या आसपास, आणि देहावरची सावली सहावीच्या खाली सहसा जात नाही. आठवी-नववी सगळी मागच्या हिरव्या पडद्याला. देहात पांढरा चमकवायचा मोह झाला की पुतळा तयार होतो. शिवाय धडामागचा तो पडदा गडद हिरवा आहे म्हणूनच कांती गुलाबी वाटते. पडदा तपकिरी करून बघा, तीच छटा पिवळट दिसेल. त्या पडद्याची उभी कड कुठे उतरते तेही पाहा: थेट तिच्या डाव्या हाताच्या रोखाने. ही कड काही सहज पडलेली नाही.

आता पुराणकथा. 'परवाना' हा शब्द अगदीच खोटा नाही. हेच चित्र मिळवायला धडपडणारा ग्विदोबाल्दो देल्ला रोव्हेरे १५३८च्या पत्रात तिला व्हीनस म्हणतच नाही, 'नग्न स्त्री' म्हणतो. कार्डिनल अलेस्सांद्रो फार्नेसेसाठी डनाई रंगवली जात होती तेव्हा जोव्हान्नी देल्ला कासानं १५४४ साली त्याला लिहिलं, की हिच्यापुढे उर्बिनोची ती बाई जोगीण वाटेल. म्हणजे घेणाऱ्यांना आणि देणाऱ्यांना काय चाललंय ते पक्कं ठाऊक होतं.

पण मग कथा कुठल्या निवडल्या ते बघा. ओव्हिड या रोमन कवीच्या काव्यात शेकडो रूपांतरं आहेत. चित्रकारांनी पुन्हा पुन्हा उचलल्या त्या अशा, जिथे देव माणसाच्या रूपात उघड येतच नाही: डनाईकडे सोन्याचा पाऊस, लीडाकडे हंस, आयोपाशी धुकं, युरोपाकडे बैल. पिसं, ढग, नाणी, कातडं. प्रत्येक कथा चित्रकाराला एक नवा पोत त्वचेला भिडवायची संधी देते. विषयातून की रंगातून हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे, विषय निवडतानाच पोत निवडला जात होता. डनाईची एक आवृत्ती माद्रिदच्या प्रादोमध्ये आहे. तिथे म्हातारी दासी एप्रन पसरून सोनं झेलते आणि डनाई नुसती पडून आहे. एकच सोनं, दोघींना ते दोन तऱ्हांनी लागतंय.

सर्वांत नेमका पुरावा 'व्हीनस आणि अडोनिस'चा (१५५४, प्रादो). तिशियननं स्पेनचा राजपुत्र फिलिप याला लिहिलं, की डनाई समोरून दिसते म्हणून इथे पाठमोरी दाखवतो, म्हणजे दालनात एकत्र लावल्यावर बदल दिसेल. आणि त्याच काळातला लेखक लुदोव्हिको दोल्चेनं एका पत्रात या व्हीनसचं कौतुक करताना काय टिपलं? बसल्यामुळे मांस दबून पडलेला खळगा. रंगात वजन दिसतंय, त्याची ही दाद. हेच चित्र लंडनला पोचलं तेव्हा मधोमध घडी पडली होती आणि फिलिपनं तक्रार केली. ती आडवी खूण अजून दिसते.

रेषावाली

एक पुरवणी, कारण 'प्रबोधनकाळातली व्हीनस' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बोत्तिचेल्ली येतो आणि मग वरची कृती त्याच्यावर लावली जाते. ती तिथे चालणार नाही. 'व्हीनसचा जन्म' (साधारण १४८५, उफ्फीझी) टेम्पेरात (अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांत) आहे, कॅनव्हासवर. टेम्पेरा मिनिटांत वाळतो, मिसळायला वेळच देत नाही. कांती उठवायची ती बारीक, समांतर रेघा एकमेकींवर टाकून. ब्रशवर रंग जास्त झाला तर थेंब पडतो, आणि ओल्या रेघेवर दुसरी ओढली तर खालची सुटते. मऊपणा कमी, कड धारदार. त्यातलं सुख स्पर्शाचं नाहीच, रेषेचं आहे: वाऱ्यावरचे केस, त्यांवर सोन्याच्या रेघा, फुगलेलं वस्त्र. ती व्हीनस तशी उभी राहूच शकत नाही. मान लांब, डावा खांदा घरंगळलेला, तोल शिंपल्याबाहेर. वजन नको म्हणूनच हे.

ब्राँझीनोचं 'व्हीनस आणि क्यूपिड' (साधारण १५४५, लंडनची नॅशनल गॅलरी) मात्र तैलरंगात असूनही थंडगार आहे. गुळगुळीत लाकडी फळी, संगमरवरी कांती, मागे महागडा अल्ट्रामरीन निळा. तिथे सुखाला किंमत लावलेली आहे: गुलाब उधळणाऱ्या पोराच्या पायात काटा रुतलाय, त्याच्यामागच्या गोड चेहऱ्याच्या मुलीच्या एका हातात मधाचं पोळं आणि दुसऱ्यात नांगी, शिवाय तिचे दोन्ही पंजे उलटसुलट हातांना जोडलेले. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी व्हीनसची जीभ रंगवून झाकली आणि अंगावर वस्त्र चढवलं. ते १९५८च्या सफाईत निघालं.

ओव्हिडचा_वाचक, तुम्ही तत्त्वज्ञान मात्र अगदीच बाजूला ठेवलंत. पंधराव्या शतकातला फ्लॉरेन्सचा तत्त्वज्ञ फिचीनो याच्या मते सौंदर्य बुद्धी, दृष्टी आणि श्रवण यांनीच भोगायचं. गंध, चव, स्पर्श हे त्या प्रेमात येतच नाहीत. रोमच्या बोर्गेझे संग्रहालयातल्या तिशियनच्या चित्रात ('स्वर्गीय आणि ऐहिक प्रेम', १५१४) रूढ अर्थाप्रमाणे वस्त्रं ल्यालेली ऐहिक आणि नग्न आहे ती स्वर्गीय. नग्नता म्हणजे भोग, हे समीकरण त्या काळी इतकं सरळ नव्हतं.

कोरा_कॅनव्हास

जमीन करडी करून घेतली. चादर आणि गुलाब तुकड्यात येतील. याच पद्धतीनं पुढे कोरेज्जोची 'ज्युपिटर आणि आयो' (व्हिएन्ना) करायची आहे. त्यात कंबरेभोवतीचा ढगाचा पंजा कसा उतरवायचा? ढग केला तर हात दिसत नाही, हात केला तर राखाडी मोजा घातल्यासारखा दिसतो.

पिवडी_हिंगूळ

मोजा दिसतो कारण तुम्ही पंज्याला चारी बाजूंनी सारखी कड देता आहात. कोरेज्जोनं तो पंजा फक्त एका बाजूनं बांधलाय. जिथे ढग तिच्या कमरेला टेकतो तिथे कड सापडते, मनगटाकडे जाताना ती विरते आणि दंड म्हणून काही उरतच नाही. चुंबन घेणारा चेहराही तसाच, तिच्या चेहऱ्याला लागतो तेवढाच स्पष्ट.

क्रम असा ठेवा. आधी आयोची पाठ पूर्ण करा, ढगाखाली जाणाऱ्या भागासकट, आणि वाळू द्या. ढगाचा गडद करडा बोन ब्लॅक, रॉ अंबर आणि पांढरा यांतून करा. निळा घालू नका. शेजारी उबदार कांती असली की हा करडा आपोआप निळसर वाटतो. तो मोठ्या, मऊ ब्रशनं पातळ पसरा, कमरेवर थोडा चढू द्या. ओला असतानाच कोरड्या ब्रशनं बाहेरच्या बाजूला ओढून विरवा. मग बोटांच्या मधल्या तीन-चार फटी स्वच्छ चिंधीनं पुसून खालची त्वचा उघडी करा. बोटं वेगळी रंगवायची नाहीत, फटींतून ती आपोआप दिसतात. पंजा जिथे दाबतो तिथे करड्याच्या लगत त्वचेवर अगदी बारीक उबदार लाल रेघ ठेवा. ती नसेल तर ढग पाठीवर तरंगतो. दोल्चेचा तो खळगा इथेही लागू आहे.

चित्र उभं आणि अरुंद आहे, साधारण १६३ × ७४ सेंमी. तुकडा आडवा कापलात तर ढगाचं वजन वरून येत नाही. उंची राखा, रुंदीत काटा.

ओव्हिडचा_वाचक

त्या ढगाबद्दल एक. ओव्हिडमध्ये धुकं हा ज्युपिटरचा आडोसा आहे. पळणाऱ्या आयोला गाठण्यासाठी तो काळोख पसरतो. कोरेज्जोनं आडोशालाच देव केलं. आणि ओव्हिडमधली आयो पळते आहे, ही मान मागे टाकून बसली आहे. जबरदस्तीची कथा सुखाची करून टाकण्याचा हा बदल मांटुआच्या फेदेरिको गोंझागासाठी केलेल्या चित्रमालेत झाला, हे विसरून चालणार नाही. त्याच मालेतल्या लीडाच्या चेहऱ्यावर पुढे ऑर्लिअन्सच्या ड्यूकनं सुरी चालवली. बर्लिनला आज दिसतो तो चेहरा नंतर रंगवलेला आहे, त्यावरून कोरेज्जोचे चेहरे शिकू नका.

रेषावाली, फिचीनो मान्य. पण प्रादोमधली तिशियनची ऑर्गनवादकाची दोन चित्रं बघा. वादकाचे हात वाद्याजवळ, आणि मान वळवून तो बघतोय व्हीनसच्या देहाकडे. श्रवण सुटलं, दृष्टी लागली. एका आवृत्तीत ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, कुत्र्याला कुरवाळते आहे. फिचीनोनं दाराबाहेर ठेवलेला स्पर्श चित्राच्या मधोमध! तत्त्वज्ञान तिथे आहे, फक्त तिशियन त्याची गंमत करतोय असं माझं मत.

रेषावाली

गंमत की देहाच्या सौंदर्यावरून वरच्या प्रेमाकडे चढायची शिडी, हे त्या वादकाच्या चेहऱ्यावरून ठरत नाही. दोन्ही अर्थ लागतील अशीच ती चित्रं विकली गेली असणार, घेणाऱ्याची सोय म्हणून.

पिवडी_हिंगूळ

वाद चालू दे, कोरा_कॅनव्हास यांच्यासाठी एकच व्यवहाराची गोष्ट राहिली: छायाचित्रावरून रंग जुळवताना सावध राहा. जुनं व्हार्निश पिवळं पडतं, तांब्याचा हिरवा तपकिरी होतो, पारदर्शक लाल उडतो, आणि सफेदा शतकांत आणखी पारदर्शक होऊन खालची जमीन वर डोकावते. या पिवळेपणाची नक्कल म्हणून वरून पिवळा ग्लेझ चढवणारे खूप आहेत. त्यानं चादर आणि कांती एकाच उबेची होतात आणि सगळा भेदच जातो. छायाचित्रातल्या चादरीचा झळाळ आधी शोधा, तो तुमच्या पांढऱ्याशी जुळवा, आणि बाकीच्या छटा त्याच्या मानानं ठरवा. दोन वेगळ्या छायाचित्रांत तिचा गाल दोन रंगांचा दिसेल, पण गाल आणि उशी यांच्यातला फरक जवळपास तोच राहील. तो फरक उतरवा.